दीड लाखाची कार्बन फ्रेम घेतली तर पोरगी ट्रॅकवर जास्त जोरात जाईल का?

मागच्या रविवारी नवी मुंबईत पाम बीच रोडवर दोन चकरा मारून झाल्या आणि नेरुळला ज्वेल बागेजवळच्या टपरीवर आम्ही सगळे कटिंग घेत उभे होतो, तेव्हा आमच्यात सायकलिंगला येणाऱ्या एका पोरीचे बाबा मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, एक विचारायचंय, हिची फ्रेम बदलू का?" आणि मोबाईल पुढे केला. फोटोत काळी कुळकुळीत कार्बनची ट्रॅक फ्रेम, सेकंडहँड, विकणारा दीड लाख म्हणतोय. दादा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये हिशेबाचं काम करतात, दीड लाख म्हणजे त्यांच्यासाठी काय असतं ते मला माहितीये. पोरगी सोळा वर्षांची, पर्स्युट चालवते (दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि ठरलेलं अंतर कमी वेळात कापायचं), सायकल ॲल्युमिनियमची. निवड चाचणीत थोडक्यात राहिली आणि घरी येऊन म्हणाली की माझ्या पुढे ज्या आल्या त्या सगळ्या कार्बनवर होत्या.

मी त्यांना लगेच सांगितलं, दादा आत्ता पैसे देऊ नका, आधी नीट बोलू. मग पुढचे दोन-तीन दिवस आम्ही तुकड्या-तुकड्यात बोललो, ते सगळं इथे एकत्र लिहितेय, कारण हा प्रश्न मला दरवर्षी कुणाचे ना कुणाचे आईबाबा विचारतातच.

ज्यांनी ट्रॅक सायकल जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही सायकल म्हणजे अगदी मोजकं सामान. ब्रेक नाही, गिअर एकच आणि तोही फिक्स, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. चालवायची व्हेलोड्रोमवर, म्हणजे वळणावर भिंतीसारखा उभा होत जाणारा लंबगोल ट्रॅक. ऑलिंपिकचा ट्रॅक २५० मीटरचा असतो, लाकडाचा, आणि वळणाचा उतार ४२ ते ४५ अंश. दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी असा लाकडी ट्रॅक झाला. आमच्या काळात आम्ही मात्र बालेवाडीला उघड्यावर सिमेंटच्या ट्रॅकवर चालवायचो आणि आजही इथल्या पोरांना ट्रॅकची सवय करायची तर पुणंच गाठावं लागतं. (आणि एक हात जोडून सांगते, ट्रॅक सायकल पाम बीचवर काढू नका. ब्रेक नसतो. सिग्नलला एनएमएमटीची बस समोर आली तर पायाने थांबवता थांबवता काय होईल सांगता येत नाही. रस्त्यावर रोडबाईक, घरी रोलर (त्यावर सायकल जागच्या जागी चालवता येते), ट्रॅकवरच ट्रॅकबाईक.)

आता मुद्द्यावर येते. ट्रॅकवर तुम्हाला मागे कोण ओढतं? चढ नाही, खड्डे नाहीत, सिग्नल नाही. राहिली हवा. पन्नासच्या आसपास वेग असेल तर जी ताकद लागते त्यातली साधारण नव्वद टक्के नुसती हवा कापण्यात जाते, बाकीची टायर आणि चेनमध्ये. आणि हवेचं गणित फार कडक आहे, वेग दुप्पट केला तर ताकद दुप्पट नाही, आठपट लागते. आपल्या पोरीच्या हिशेबात बोलायचं तर ४० ची ती ४४ वर गेली, म्हणजे वेग फक्त दहा टक्के वाढला, पण हवेसाठी ताकद ३३ टक्के जास्त लागली. म्हणून वरच्या लेव्हलला सगळे त्या शेवटच्या एक-दोन किलोमीटर वेगासाठी जीव काढत असतात.

ही हवा अडवतं कोण? सायकल कमी, माणूस जास्त. एकूण अडथळ्यातला साधारण सत्तर ते ऐंशी टक्के हिस्सा शरीराचा, म्हणजे खांदे, डोकं, कोपरं, मांड्या. उरलेल्यात अख्खी सायकल आली, त्यात दोन्ही चाकं, हँडलबार, फोर्क आणि मग फ्रेम. स्कूटरवर मागे बसून ऐरोलीचा पूल ओलांडताना कधी हात बाहेर काढून बघितलाय का, तळवा समोर धरला की हात मागे फेकला जातो आणि तोच तळवा आडवा, चपटा केला की हात हवेत सुरीसारखा जातो. हात तोच, कातडी तीच. हवेला हात कशाचा बनलाय ते कळत नाही, तिला फक्त आकार कळतो. फ्रेमचंही अगदी तसंच आहे, हवेला कार्बन आणि ॲल्युमिनियम यातला फरक समजत नाही, नळी गोल आहे की पानाच्या आकाराची आहे एवढंच तिला समजतं.

दादा म्हणाले, पण वजन? कार्बन हलकं असतं ना. असतं. पण वजनाचा खरा त्रास चढावर, म्हणजे तुम्ही ठाण्याला येऊर चढताय किंवा खारघरच्या टेकडीवर जाताय तेव्हा प्रत्येक किलो पायाला जाणवतो. ट्रॅक सपाट आहे, एकदा वेग पकडला की जास्तीचं वजन फारसं काही मागत नाही. वजन मोजावं लागतं फक्त स्टार्टला. हिशेब करून बघू, एक किलो जास्तीचं वजन शून्यापासून ताशी ४५ किलोमीटरपर्यंत न्यायला साधारण ८० जूल लागतात, आणि स्टार्टला ५०० वॅटच्या आसपास जोर लावणाऱ्या पोरीसाठी ते फार तर दीड दशांश सेकंदाचं काम. तेही अख्ख्या किलोचं. दोन बऱ्या फ्रेममध्ये किलोभर फरक बहुतेक वेळा नसतोच. स्टँडिंग स्टार्टच्या स्प्रिंटवाल्यांसाठी हा दशांश महत्त्वाचा आहे, तिथे शंभरांश सेकंदावर मेडल जातं, हे मी नाकारत नाही. पण पर्स्युटवालीसाठी हे खूप खालच्या नंबरवर येतं. शिवाय यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, नियम आहे की रेसची सायकल ६.८ किलोच्या खाली नसावी, आणि ट्रॅक सायकलला ब्रेक-गिअर-केबल काहीच नसल्यामुळे ती तशीच हलकी असते, त्यामुळे फ्रेम कितीही हलकी आणली तरी एका मर्यादेनंतर त्याचा फायदाच घेता येत नाही.

मग येतो सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द, स्टिफनेस, म्हणजे फ्रेमचा कडकपणा. "कार्बन स्टिफ असतं, पायाची ताकद वाया जात नाही", हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. इथे मला जरा थांबायचंय, कारण यातच सगळी गंमत आहे आणि हे एकदा कळलं की फ्रेमबद्दलची अर्धी भीती जाते.

धातू किती ताठ आहे त्याचा एक आकडा असतो. स्टीलचा साधारण २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा ७०. बघितलं तर वाटेल स्टील सगळ्यात भारी आणि ॲल्युमिनियम मऊ. आता त्यांचं वजन बघा. तेवढ्याच आकाराचा तुकडा घेतला तर स्टील पाण्याच्या ७.८ पट जड, टायटॅनियम ४.५ पट, ॲल्युमिनियम २.७ पट. आता पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. २०० भागिले ७.८, ११० भागिले ४.५, ७० भागिले २.७. तिन्हीकडे उत्तर २५ च्या आसपास येतं! मी हे पहिल्यांदा वहीवर केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. म्हणजे वजनाच्या मानाने बघितलं तर हे तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ आहेत.

मग ॲल्युमिनियमच्या फ्रेम स्टीलपेक्षा कडक का लागतात? नळीच्या जाडीमुळे. घरी करून बघा, मी त्या पोरीला टपरीवरच्या बाकड्यावर करून दाखवलं होतं. जुन्या कॅलेंडरची दोन सारखी पानं घ्या, एकाची पेन्सिलएवढी बारीक सुरळी करा आणि दुसऱ्याची मनगटाएवढी जाड, दोन्हींना चिकटपट्टी लावा. कागद तेवढाच, वजन तेवढंच. आता दोन्ही टोकं धरून हळूच वाकवा. बारीक सुरळी पटकन वाकते, जाड वाकायला तयार नसते. तेवढ्याच वजनात नळी दुप्पट जाड केली तर ती वाकण्याला साधारण चौपट कडक होते. ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे नळी जाड करता येते आणि भिंतीलाही पुरेसं मटेरियल उरतं, म्हणून त्या फ्रेम जाडजूड दिसतात. स्टीलची नळी तेवढी जाड केली तर एक तर वजन वाढतं, नाहीतर भिंत इतकी पातळ करावी लागते की अंगठ्याने पोचा पडेल. आणि कॅलेंडरची ती जाड सुरळी जोरात वाकवली की मध्येच चेपून एकदम मोडते, ती मर्यादा पण तिथेच दिसते.

आता कार्बन. कार्बन म्हणजे धातू नाहीच, ते कापड आहे. खरंच कापड, बारीक धाग्यांचे थर, एकावर एक रचून रेझिनमध्ये पक्के केलेले. ज्यांच्या घरी शिवणकाम होतं त्यांना हे पटकन कळेल. कापड उभ्या धाग्यात ओढलं तर ताणत नाही, आडव्यातही फारसं नाही, पण उरेब धरून ओढलं की लगेच वाकडंतिकडं ताणतं. कार्बनचे धागे पण तसेच, धाग्याच्या दिशेने प्रचंड ताठ आणि तिरक्या दिशेने मऊ. म्हणून बनवणारा थर रचताना ठरवतो की पेडलजवळ पिळ बसतो तिथे धागे तिरके टाकू, जिथे सरळ ओढ आहे तिथे सरळ टाकू. हे करायला कौशल्य लागतं. नीट रचलेली कार्बन फ्रेम हलकी आणि कडक दोन्ही होते, आणि घाईत, स्वस्तात रचलेली कार्बन फ्रेम चांगल्या ॲल्युमिनियमपेक्षा लिबलिबीत असू शकते. बाहेरून दोन्ही काळ्या आणि चकचकीत. त्यामुळे "कार्बन आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

आणि ती वाया जाणारी ताकद? सायकल बाजूने धरून खालच्या पेडलवर पाय देऊन दाबा, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस जिथे फ्रेममध्ये बसतो तो भाग, थोडा बाजूला सरकताना दिसेल, कुठल्याही फ्रेमचा सरकतो. पाय काढला की परत येतो. म्हणजे ती स्प्रिंग आहे, दिलेली ताकद बहुतेक परत देते, फ्रेम काही तापून गरम होत नाही. फ्रेम फारच लुळी असेल तर त्रास नक्की आहे, स्टार्टला उभं राहून हँडल खेचताना पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत राहत नाही, आणि बँकिंगवर, म्हणजे वळणाच्या त्या उभ्या उतारावर, तर आणखी, कारण साठच्या वेगाने वळणात शिरलं की माणूस आपल्या वजनाच्या दीडपटीने सायकलवर दाबला जातो. स्प्रिंटर लोक दीड-दोन हजार वॅट लावतात, त्यांना कडक फ्रेम हवीच. पण स्टार्ट सोडला तर तीनशे-चारशे वॅटच्या आत चालवणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरीला, जिची आत्ताची ॲल्युमिनियमची फ्रेम मी स्वतः पाय देऊन बघितलीये आणि चांगली कडक आहे, तिला इथे मिळवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

आता इतिहासातलं सांगते, कारण दादांना आकड्यांपेक्षा हेच जास्त पटलं. ट्रॅकवर एक रेकॉर्ड असतं, अवर रेकॉर्ड. एकट्याने एक तास चालवायचं, किती किलोमीटर झाले ते मोजायचं, बस. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर केले, गोल नळ्यांच्या स्टीलच्या सायकलवर, जिचं वजन ५.७५ किलो होतं, चेनला पण वजन कमी करायला भोकं पाडलेली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी स्टीलची सायकल आजच्या नियमापेक्षा एक किलोने हलकी होती! मेक्सिको सिटी उंचावर आहे, हवा विरळ, त्याचा फायदा त्याने मुद्दाम घेतला, कारण त्यालाही माहीत होतं की खरा वैरी हवाच आहे.

मग १९९३. स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री, पैसे नाहीत, स्पॉन्सर नाही, स्वतःच स्टीलच्या नळ्या जोडून सायकल बनवली आणि तिच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये वॉशिंग मशीनचं बेअरिंग वापरलं, का तर पेडल एकमेकांच्या जवळ यावेत, गुडघे जवळ राहावेत. हँडलबार असा की हात छातीखाली दुमडून घ्यायचे, स्कीइंगवाले उतरताना बसतात तसं. नॉर्वेत हामारला १६ जुलैला प्रयत्न केला, जमलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस परत ट्रॅकवर उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर करून वर्ल्ड रेकॉर्ड मोडलं. घरी बनवलेल्या स्टीलच्या सायकलवर. हे लिहिताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. आठवडाभरात क्रिस बोर्डमनने ते मोडलं, ५२.२७०. हा तोच बोर्डमन, ज्याने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लोटसच्या काळ्या कार्बन सायकलवर पर्स्युटचं गोल्ड घेतलं होतं, फायनलमध्ये समोरच्या जर्मन लेहमानला चक्क गाठून. ती सायकल बघून जगाला वाटलं कार्बन म्हणजे जादू. पण त्या सायकलमध्ये कार्बन का वापरला होता, तर तो साच्यात घालून हवा तो आकार देता येतो म्हणून. उकडीच्या मोदकाचा साचा असतो ना, पारी आत दाबली की कळ्या आपोआप पडतात, तसं. सरळ नळ्या जोडून ती सायकल झालीच नसती, एक सलग पातळ पातं हवं होतं, आणि ते देणारं मटेरियल कार्बन होतं.

आता याच बोर्डमनची दुसरी गोष्ट बघा. १९९६ मध्ये त्याने हात पूर्ण पुढे ताणून, ज्याला सुपरमॅन पोझिशन म्हणायचे, तासात ५६.३७५ किलोमीटर केले. पुढे ती पोझिशन बंद झाली आणि यूसीआयने सांगितलं की रेकॉर्ड मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलवर करा, गोल नळ्या, तारांची चाकं, एरो बार नाही, एरो हेल्मेट नाही. २००० मध्ये तोच माणूस तशा सायकलवर बसला आणि किती केले? ४९.४४१. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त. चार वर्षांत वय वाढलं हे धरलं तरी जवळजवळ सात किलोमीटरचा फरक पायामुळे आला नाही, शरीराची पोझिशन आणि सायकलचा आकार बदलला म्हणून आला.

आणि शेवटचं तर ऐकाच. साध्या सायकलचा तो नियम २०१४ मध्ये सुटला, त्यानंतरची ही गोष्ट. ८ ऑक्टोबर २०२२, स्वित्झर्लंडमधलं ग्रेंखेन, फिलिपो गान्ना, ५६.७९२ किलोमीटर. म्हणजे बोर्डमनची ती सुपरमॅन पोझिशन न वापरता तिच्याही पुढे. सायकल कशाची होती माहितीये? कार्बनची नाही. पिनारेलोने स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या पावडरपासून थ्रीडी प्रिंट केलेली, धातूची फ्रेम. त्याच्या दोन महिने आधी डॅन बिगमनेही त्याच प्रकारच्या सायकलवर ५५.५४८ केले होते आणि बिगम स्वतः एरोडायनॅमिक्सचा इंजिनिअर आहे, त्याला कोण फसवणार. त्यांना प्रत्येक नळीचा अगदी बारीक, विचित्र आकार हवा होता, एकच सायकल एकाच माणसासाठी, म्हणून त्यांनी धातू निवडला. हे ऐकल्यावर पोरगी म्हणाली, "म्हणजे ताई, माझीपण ॲल्युमिनियमच आहे की!" आणि बाबांकडे बघून हसली.

जपानमध्ये तर अजून वेगळं. तिथे १९४८ पासून केरीन नावाची ट्रॅकवरची स्प्रिंट रेस चालते, लोक त्यावर पैसे लावतात, त्यामुळे सगळ्यांची सायकल सारखी हवी म्हणून पुरुषांच्या व्यावसायिक केरीनमध्ये आजही एनजेएसचा, म्हणजे तिथल्या मान्यतेचा, शिक्का असलेली स्टीलची फ्रेमच लागते. कारागिरांनी हाताने जोडलेली, गोल बारीक नळ्यांची. आणि ती माणसं त्यावर प्रचंड वेगाने स्प्रिंट मारतात.

मग मटेरियलने काहीच फरक पडत नाही का? पडतो, फक्त वेगाच्या बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त. पहिलं म्हणजे वर सांगितलं तसं, कोणता आकार बनवता येतो ते मटेरियलवर ठरतं, म्हणून आज वरच्या लेव्हलला बहुतेक जण कार्बनवर दिसतात. ते कारण खरं आहे. पण हा फायदा त्या आकारात आहे, त्यामुळे गोल नळ्यांची जुनी कार्बन फ्रेम घेऊन काही हाती लागत नाही, आणि दादांच्या फोटोतली फ्रेम नीट मोठी करून बघितली तर ती तशीच होती.

दुसरं म्हणजे टिकणं. तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, हे सगळ्यांनी केलेलं असतं. स्टील आणि टायटॅनियमची एक खालची मर्यादा असते, ताण तिच्या आत ठेवला तर ते वर्षानुवर्षं चालतात. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटा ताण पण हळूहळू जमा होत राहतो, म्हणून चांगला बनवणारा ते मुळातच जास्त भरभक्कम बनवतो आणि आपण वेल्डिंगजवळ चीर येतेय का ते अधूनमधून बघायचं. कार्बन ताणाला थकत नाही म्हणतात ते बऱ्यापैकी खरं आहे, पण त्याला ठोका सहन होत नाही. स्टीलला पोचा पडतो, दिसतो, कळतो. कार्बनला बाहेरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात, मग एके दिवशी काही न सांगता जातं. पार्ट कशाचाही असो, तुटला की काय होतं ते टोकियो ऑलिंपिकमध्ये सगळ्यांनी बघितलं, ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स पोर्टरचं हँडलबार टीम पर्स्युटच्या मध्येच तुटलं आणि तो तोंडावर आपटला. उठून परत चालवलं त्याने, पण मी तो व्हिडिओ दुसऱ्यांदा बघू शकले नाही.

मी स्वतः यात एकदा पोळलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या ओळखीतून सेकंडहँड कार्बन फ्रेम घेतली, रंग नवाकोरा, मी खूश. दोन महिन्यांनी धुताना खालच्या नळीवर नखाने टकटक करत गेले तर एके जागी आवाज बदलला, सगळीकडे टक टक आणि तिथे एकदम बद, पिकलेल्या कलिंगडासारखा. रंग थोडा खरवडला तर आत केसाएवढी रेघ, लांब, नळीच्या अर्ध्या घेराला. कुणीतरी पडलेली फ्रेम रंगवून विकली होती. मी त्या फ्रेमवर बँकिंगला वर चढून खाली झेपावले होते, एकदा नाही, पन्नास वेळा तरी. तेव्हापासून मी कुणालाच रंग दिलेली सेकंडहँड कार्बन फ्रेम न तपासता घेऊ देत नाही, आणि दादांना पहिल्या मिनिटाला "पैसे देऊ नका" म्हणाले त्याचं कारण हेच होतं.

तिसरं आपल्याकडचं, खाडीची हवा. नेरुळ, बेलापूर, वाशी, तिकडे कोलशेत, घोडबंदर, सगळीकडे खारट दमट हवा आणि चार महिने पाऊस. स्टीलची फ्रेम आतून गंजते, बाहेरून रंग छान दिसत राहतो. पावसाळ्यात सीटपोस्ट काढून सायकल उलटी केली की कधीकधी चहाच्या रंगाचं पाणी येतं, ते बघून पोटात गोळा येतो. सीटपोस्ट काढून वाळवायची, आत तेलाचा हात फिरवायचा, ग्रीस लावून परत बसवायची. आणि कार्बनची फ्रेम असली म्हणून सुटका नाही, कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये खारट ओल गेली की ॲल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी पावडर धरते आणि पार्ट जाम होतात, सीटपोस्ट असा अडकतो की कापून काढावा लागतो.

आता पैसे कुठे लावायचे. मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या बिल्डिंगमध्ये गेले, पार्किंगमध्ये रोलर मांडला, पोरीला रेसच्या कपड्यात बसवलं आणि बाबांचा मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून बाजूने आणि समोरून व्हिडिओ काढला. समोरून बघितलं तर कोपरं खांद्यांच्या बाहेर, डोकं वर, आणि जर्सी पोटाजवळ फुग्यासारखी लटकलेली. दोन मिनिटांनी दम लागला की डोकं अजून वर यायचं. मग हँडलबारखालची एक रिंग काढली, कोपराची पॅडं थोडी आत घेतली, आणि तिला सांगितलं की हनुवटी हातांकडे ने, कान खांद्यांत लपव. परत व्हिडिओ काढला. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावले तर बाबा काही न बोलता बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ही तर अर्धीच दिसतेय. हवेचा अडथळा पाच टक्के जरी कमी झाला तरी तेवढ्याच ताकदीत वेग दीड टक्क्याहून जास्त वाढतो, आणि दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या रेसमध्ये ते अडीच सेकंद होतात. निवड चाचणीत ती राहिली होती एक सेकंद आणि थोड्याने. अर्थात खाली वाकून ताकद पण टिकली पाहिजे, ती लगेच टिकत नाही, पाठीला आणि मानेला महिना-दोन महिने लागतात, म्हणून रोज रोलरवर आधी पाच मिनिटं तसं बसायचं, मग दहा.

त्यानंतर अंगाला घट्ट बसणारा स्किनसूट, मग चांगले टायर आणि ट्रॅकप्रमाणे हवेचं प्रेशर (उघड्या सिमेंटवर दगडासारखी हवा भरली की सायकल उड्या मारते, तिथे थोडी कमीच बरी), मग चेन साफ आणि सरळ रेषेत, मग जमलं तर पुढचं चाक. फ्रेम या सगळ्यानंतर, आणि तेव्हासुद्धा आधी मापाची आहे का, मग आकार कसा, मग कडक आहे का, मग कशाची. फोटोतली फ्रेम तर तिच्या मापापेक्षा एक साईज मोठी होती. मोठ्या फ्रेमवर ती खाली वाकूच शकली नसती, म्हणजे दीड लाख देऊन हवेला जास्त छाती दाखवली असती.

काल दादांचा फोन आला होता. विकणाऱ्याला नाही म्हणून कळवलं म्हणाले. मग हिशेबवाला माणूस, त्यांनी बिलाच्या मागे मांडणी केली होती ती वाचून दाखवली: दोघांचं पुण्याला जाणं-येणं, सायकलचं भाडं, ट्रॅकची फी, खाणं, राहायला चिंचवडला आत्या आहेच, एका वेळचे धरले चार हजार. "ताई, दीड लाखात सदतीस वेळा होतं," म्हणाले. पहिली खेप येत्या शनिवारी आहे, पहाटे साडेचारला निघायचंय, आणि पोरीने मला मेसेज करून विचारलंय की बसच्या डिकीत सायकल ठेवताना पुढचं चाक काढू की मागचं. दोन्ही काढ म्हटलंय, आणि फ्रेमला जुनी गोधडी गुंडाळ.